पळाला की घालवला?

मागच्या महिन्यात शनिवार-रविवारला दोन दिवस जोडून मालवणला घरी गेलो होतो. दुपारची जेवणं उरकून सगळे पडवीत बसलेले. चुलतभावाच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला काकांनी पाहिला आणि विचारलं, "ह्या कित्याक रे?" झालं! भावाने एडवर्ड स्नोडेनची अख्खी कथा सांगितली. काकांनी सुपारी कातरत ती शेवटपर्यंत ऐकली आणि एका वाक्यात निकाल लावला: "पळान गेलेल्याक हद्दपार म्हणतत? रामाक वनवासाक धाडल्यानी, ह्यो आपणच पळालो."

सगळे हसले. पण हेच वाक्य मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही निदान दहा वेळा ऐकलंय. "हद्दपार कसला, फरार म्हण. मॉस्कोत मजेत राहतोय." असं म्हणणारे माझे मित्र हुशार आहेत, कोड माझ्यापेक्षा चांगला लिहितात. तरी माझं म्हणणं असं की ते इथे साफ चुकतायत. आणि ही चूक नुसती शब्दाची नाही. 'फरार' आणि 'हद्दपार' यातला फरक आपण पुसून टाकला, तर त्याचा फटका उद्या आपल्याच धंद्यातल्या कोणाला तरी बसणार आहे. म्हणून हा वीकएन्ड या विषयाला.

ज्यांना गोष्ट अर्धवट आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात. स्नोडेन हा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेसाठी कंत्राटी काम करणारा सिस्टिम्सवाला माणूस. म्हणजे आपल्यातलाच एक, ॲडमिन राइट्स असलेला. २०१३ च्या मे महिन्यात तो हवाईतून हाँगकाँगला गेला आणि त्याने पत्रकारांना कागदपत्रं दिली. अमेरिकी सरकार स्वतःच्याच कोट्यवधी नागरिकांच्या फोनच्या नोंदी घाऊक गोळा करतं, हे त्यातून जगाला कळलं. आपला संबंध काय म्हणाल तर, 'गार्डियन'ने छापलेल्या त्यातल्या एका नकाशानुसार मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६.३ अब्ज नोंदी गोळा झाल्या होत्या. यादीत आपला नंबर पाचवा. त्याच्यावर हेरगिरीविरोधी कायद्याखाली दोन आणि सरकारी मालमत्तेच्या चोरीचा एक असे गुन्हे लागले, मिळून ३० वर्षांपर्यंतची कैद. पासपोर्ट रद्द झाला. तो मॉस्कोच्या विमानतळावर महिन्याहून जास्त काळ अडकून पडला, १ ऑगस्ट २०१३ ला त्याला तात्पुरता आश्रय मिळाला, आणि तेव्हापासून तो तिथेच आहे. २०२२ मध्ये रशियाने त्याला नागरिकत्व दिलं.

आता वादाकडे. आधी आपल्या भाषेतले शब्द जरा तपासून घेऊ, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

'तडीपार' म्हणजे पोलिसांनी हुकूम काढून जिल्ह्याबाहेर घालवलेला. तडीच्या, म्हणजे काठाच्या, पलीकडे. 'हद्दपार' म्हणजे राज्याच्या हद्दीबाहेर घालवलेला. 'स्थानबद्ध' म्हणजे उलटा प्रकार, एका हद्दीच्या आत कोंडलेला. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात तसे होते, आणि तेव्हाच्या त्या जिल्ह्यात आजचा आमचा सिंधुदुर्गही होता. 'फरार' म्हणजे गुन्हा करून पळालेला. आणि या सगळ्यांच्या मधे एक जुना शब्द आहे जो आपण विसरलोय: 'परागंदा'. मुलूख जाळला, जुलमी वसुली सुरू झाली की जुन्या मराठीत 'रयत परागंदा झाली' असं म्हणत. रयतेला कोणी हुकूम दिला नव्हता. ती आपल्याच पायांनी, आपलीच गुरं हाकत गेली. पण म्हणून तिला कोणी 'फरार' म्हटलं नाही. दोष कोणाचा ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि वाचणाऱ्यालाही.

म्हणजे पहिला आक्षेप, 'तो स्वतःहून गेला', आपल्या भाषेलाच मान्य नाही. आणि काकांचा राम? कैकेयीने वर मागितले हे खरं, पण दशरथाची इच्छा नव्हती, अयोध्येचे लोक रथामागे धावत होते, भरत पुढे चित्रकूटला जाऊन 'परत चल' म्हणून विनवत होता. त्याला कोणी बेड्या घालून दंडकारण्यात सोडलं नाही. तो चालत गेला. तरी तो वनवासच! कारण राहण्याची जी किंमत होती, बापाचा शब्द मोडण्याची, ती त्याला देणं शक्य नव्हतं. कोणी ढकललं का एवढंच बघून भागत नाही. राहायचं तर काय द्यावं लागलं असतं, हे बघावं लागतं.

आणि पळण्याबद्दल एवढा तिटकारा असेल तर १६६६ चं काय करायचं? औरंगजेबाच्या दरबारी हिशेबाने शिवाजी महाराज पहाऱ्यातून निसटलेले कैदी होते. आपण त्या प्रसंगाला 'आग्र्याहून पलायन' म्हणत नाही, 'आग्र्याहून सुटका' म्हणतो. शाळेच्या पुस्तकातलं मथळ्याचं ते नाव आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात एक निवाडा दडलाय हे लक्षातच येत नाही. कोठडी अन्यायाची असेल तर तिथून निघणं हा भ्याडपणा नाही, हा तो निवाडा. (महाराज हद्दपार नव्हते हे उघड आहे, त्यांना परतायला स्वतःचं राज्य होतं. मुद्दा फक्त पळण्याचा आहे.)

आता दुसरा आक्षेप: 'तिकडे मजेत आहे. बायको आहे, मुलं आहेत, इंटरनेटवरून भाषणं देतो, कसली शिक्षा?' याचं उत्तर रत्नागिरीत आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढची तीस वर्षं तो रत्नागिरीत होता. त्याला सरकारी तनखा होता. १९१० मध्ये त्याच्यासाठी मोठा राजवाडाही बांधून झाला, तुम्ही सहलीला जाऊन पाहिलाही असेल. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आता मला सांगा, वाडा समुद्राकडे तोंड करून होता, नोकरचाकर होते, म्हणून थिबा हद्दपार नव्हता असं कोणी म्हणतं का? हालअपेष्टा ही हद्दपारीची खूण नाही. हाल तर चाळीत भाड्याने राहणाऱ्याचेही होतात.

उलटंही खरं आहे. नुसतं घरापासून दूर असणं म्हणजे हद्दपारी नाही. मुंबईचा चाकरमानी 'बारा महिने वनवास रे' म्हणतो, बे एरियातला आपला मित्र ग्रीन कार्डच्या रांगेला वनवास म्हणतो. ठीक आहे, म्हणण्याची पद्धत असते. पण चाकरमान्याला चतुर्थीला गावी यायचं असेल तर त्याची अडचण कोकण रेल्वेच्या तिकिटाची असते. स्टेशनवर उतरल्यावर त्याला रिक्षा मिळते, बेड्या नाही. दूर असणं आणि येऊ न शकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि 'येऊ न शकणं' हे किलोमीटरवर ठरत नाही, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण द्यायला मला मॉस्कोला जावं लागत नाही. ते आमच्याच जिल्ह्यात, आंबोलीला आहे.

आंबोलीला तुम्ही पावसाळ्यात जाता, धबधब्याखाली भिजता, कणीस खाऊन परत येता. त्याच आंबोलीच्या जंगलातून २५ नोव्हेंबर १९५५ ला एक गुप्त रेडिओ सुरू झाला. पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त करताना पोर्तुगीजांची बिनतारी यंत्रणा हाती लागली होती, तिच्यातून हा ट्रान्समीटर उभा राहिला. (हार्डवेअर हॅक म्हणतात ते हेच!) गोव्यात तेव्हा सालाझारची हुकूमशाही. वृत्तपत्रांवर सेन्सॉर, सभेला बंदी, विरोधात बोललात तर तुरुंग. त्याआधी तीनच महिने, १५ ऑगस्ट १९५५ ला, नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून पोर्तुगीजांनी वीसहून अधिक माणसं मारली होती. गोव्यातल्या माणसाला जगात काय चाललंय आणि स्वतःच्या घरात काय चाललंय, ते या जंगलातल्या आवाजातून कळायचं. रेडिओ पुढे कॅसलरॉकला हलला आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत चालू राहिला.

ही माणसं काही सरकारी गुपितं फोडणारे कर्मचारी नव्हती, त्या अर्थाने ते जागल्ये नव्हेत. (व्हिसलब्लोअरला मराठीत 'जागल्या' म्हणतात, गावात रात्री पहारा देणाऱ्याचा शब्द. मला तो मूळ इंग्रजी शब्दापेक्षा जास्त आवडतो.) पण प्रश्न तोच. राज्यकर्ता ज्याला गुन्हा मानतो ते खरं बोलायचं, आणि त्यासाठी हद्दीबाहेर बसायचं. आंबोलीहून बांद्याच्या पुढची गोव्याची हद्द आज गाडीने सव्वा-दीड तासावर आहे. माड तेच, मासे तेच, बोलीही जवळची. पण त्या हद्दीपलीकडे पाऊल टाकलं तर समोर तुरुंग. सशस्त्र लढ्यातले मोहन रानडे त्याच वर्षी, १९५५ मध्ये, गोव्यात पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं आणि ते सुटले १९६९ मध्ये. म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षांनी!

आता कॅन्टीनमधल्या मित्रांचा नियम इथे लावून बघा. सरदेसाई आणि लोबो 'स्वतःहून' बाहेर होते. कोणत्याही कोर्टाने त्यांना 'आंबोलीला जा' असा हुकूम दिला नव्हता. लिबिया तर मुंबईत शिकलेल्या, आकाशवाणीत नोकरी केलेल्या. मुंबईला परतायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. शिवाय ते ज्या देशात बसून बोलत होते त्याचा गोव्यावर दावा होता, म्हणजे पोर्तुगालच्या नजरेने शत्रूच्या आश्रयाने बोलणारे. नियम प्रामाणिकपणे लावला तर हे दोघे 'फरार' ठरतात. २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठलेल्या लिबिया लोबो सरदेसाईंना भारत सरकारने पद्मश्री दिली. फरार माणसाला? नियमच गडबडलेला आहे, दुसरं काय.

तरी सरदेसाई-लोबो नशीबवान. गोवा मुक्त झाला तेव्हा या दोघांनी विमानातून, लाउडस्पीकरवरून, गोव्याच्या डोक्यावर ती बातमी सांगितली. सगळ्यांना हे मिळत नाही. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना पोर्तुगीजांनी १९४६ मध्ये पकडलं, साध्या नागरिकाला लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. ही झाली सरकारी शिक्क्याची हद्दपारी. पुढे ते पोर्तुगालमधून निसटून पॅरिसला गेले आणि १९५३ मध्ये मुंबईला आले, तिथून 'फ्री गोवा' हे पत्र चालवलं. १९५८ मध्ये मुंबईतच वारले. गोवा तेव्हा तीन वर्षं दूर होता.

या एका आयुष्यात दोन्ही प्रकार आहेत. पेनिशमध्ये त्यांना नेलं, मुंबईत ते स्वतः आले. मग मुंबईला पोचल्यावर त्यांची हद्दपारी संपली म्हणायची? ज्या गावासाठी हे सगळं केलं तिथे त्यांना मरायलाही जाता आलं नाही. मुंबईत त्यांना गोव्याची माणसं भेटत होती, हुमण मिळत होतं, गोवा तेवढा मिळत नव्हता.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि मराठी माणसाच्या तोंडी तो हटकून येतो: 'टिळक पळाले नाहीत. धमक होती तर कोर्टात उभं राहायचं.' मलाही १९०८ चा खटला थोर वाटतो. मुंबई हायकोर्टात टिळक स्वतः बाजू मांडायला उभे राहिले आणि काही दिवस मिळून एकवीस तासांहून जास्त बोलले. ज्युरीने सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवलं, सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यांना नेलं कुठे? मंडालेला. थिबाच्या राजधानीत! मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत, असा इंग्रजांचा अदलाबदलीचा कारभार.

पण त्या एकवीस तासांकडे नीट बघा. इंग्रजांचं कोर्ट, ज्युरीत गोऱ्यांचं बहुमत, निकाल आधीच ठरल्यासारखा. तरी टिळकांना 'मी हे का लिहिलं, ते राजद्रोह का नाही' हे बोलू दिलं गेलं. ते छापलं गेलं, देशाने वाचलं. कोर्टात उभं राहण्याला अर्थ आला तो त्यामुळे.

स्नोडेनवर लावलेला कायदा १९१७ चा आहे आणि त्यात 'मी हे लोकांच्या भल्यासाठी केलं' हा बचावच नाही. कागद दिले की नाही, एवढाच प्रश्न. डॅनियल एल्सबर्गने व्हिएतनाम युद्धाबद्दलची गुप्त कागदपत्रं १९७१ मध्ये वृत्तपत्रांना दिली, आणि तो देशातच राहून खटल्याला उभा राहिला. त्याच्या वकिलाने त्याला कोर्टात विचारलं की तू हे का केलंस. सरकारी वकिलाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली, आणि उत्तर तोंडातच राहिलं. १९७३ मध्ये खटला रद्द झाला तो सरकारचेच बेकायदा उद्योग बाहेर आले म्हणून. आणि याच एल्सबर्गने २०१३ मध्ये लिहिलं की स्नोडेनने देश सोडला ते योग्यच केलं. आपल्या वेळी जामिनावर बाहेर राहून बोलता तरी येत होतं, आता ते मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं. 'धमक हवी' असं सांगायचा अधिकार ज्याला सगळ्यात जास्त होता, तो माणूस हे म्हणतोय.

चौथा आक्षेप ऑफिसवाल्यांचा खास: 'योग्य मार्गाने तक्रार करायची. प्रोसेस फॉलो करायची.' एनएसएच्याच थॉमस ड्रेकने आधी ती केली होती. वरिष्ठ, अंतर्गत तपासनीस, संसदीय समिती, सगळीकडे. त्याच्यावर २०१० मध्ये त्याच हेरगिरीच्या कायद्याखाली गुन्हे लावले गेले. पुढे ते मोठे आरोप गळाले, पण नोकरी-पेन्शन गेलं आणि हा माणूस ॲपलच्या दुकानात काम करू लागला. स्नोडेनने हे सगळं पाहिलं होतं.

आपल्याकडे बघायचं? सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचा सिव्हिल इंजिनियर. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि ते पत्र नावासकट सरकारी टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली. सीबीआयने तो लुटीचा प्रकार ठरवला. नाव कसं फुटलं, याचं उत्तर त्याने मिळत नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकार वापरून जमीन घोटाळे उघड करत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. तो कोणी केला, हे कोर्टात सिद्ध झालेलं नाही. दोघेही 'राहिले'. दोघांनीही प्रोसेस फॉलो केली.

आणि अगदी आमच्या गावचंच सांगायचं तर, मालवणच्या राजकोटवरचा महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्याचे नट-बोल्ट गंजलेत असं बांधकाम खात्याने २० ऑगस्टलाच पत्राने कळवलं होतं, असं तेव्हा पेपरात आलं. योग्य मार्गाने गेलेल्या कागदाचं वजन किती असतं, ते यावरून ठरवा.

पाचवा आक्षेप: 'मग मल्ल्यालाही हद्दपार म्हणायचं का?' चांगला प्रश्न आहे. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये लंडनला गेले आणि पुढच्याच महिन्यात आपण सक्तीच्या वनवासात असल्याचं त्यांनी एका इंग्रजी वृत्तपत्राला सांगितलंही! चतुर्थीला घरी येता येत नाही हे दोघांनाही लागू. मग फरक कशात?

माझी कसोटी साधी आहे. घरी परतल्यावर कोर्टात, तू हे का केलंस याचं खरं उत्तर त्याला देता येईल का, आणि कायद्याच्या लेखी त्या उत्तराला काही किंमत असेल का? मल्ल्यांचं म्हणणं काय? कर्ज बुडालं ते धंद्यात, फसवणूक नव्हती. बरं. हा बचाव भारतातल्या कोणत्याही कोर्टात मांडता येतो. हिशेब दाखवा, ऑडिटर आणा, मोठ्यातला मोठा वकील लावा. कायदा नेमका तोच प्रश्न विचारतो. म्हणजे दार उघडं आहे, फक्त आत जायची इच्छा नाही. याला फरार म्हणतात. स्नोडेनचं म्हणणं काय? सरकार बेकायदा पाळत ठेवत होतं आणि ते लोकांना कळायला हवं होतं. २०२० मध्ये अमेरिकेच्याच एका अपील कोर्टाने सांगितलं की फोन नोंदींचा तो घाऊक साठा कायद्याला धरून नव्हता. म्हणजे त्याचं म्हणणं खरं निघालं, आणि नेमकं तेच त्याला स्वतःच्या खटल्यात बचाव म्हणून मांडता येणार नाही. अशा दाराला दार म्हणत नाहीत. घराच्या बाजूने ते बंद आहे, म्हणून तो हद्दपार. बाहेर पडताना त्याला कोणी धक्का दिला की तो स्वतः चालत गेला, हा तपशील आहे.

या कसोटीचा एक फायदा असा की तो माणूस आपल्याला आवडतो की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्याने दिलेल्या कागदांपैकी काही द्यायला नको होते असं तुमचं मत असू शकतं. खुशाल त्यावर खटला चालवा, शिक्षाही करा. पण त्याचं उत्तर ऐकून घेऊन करा.

राहिला रशिया. यावर मी त्याची वकिली करणार नाही. स्वतःच्या नागरिकांना बोलल्याबद्दल तुरुंगात टाकणाऱ्या सरकारच्या आश्रयाला तो आहे, आणि युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर तो बराच काळ गप्प बसला. खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, बोलण्यासाठी ज्याने घर सोडलं त्याला यजमानाच्या घरी जीभ आवरून राहावं लागतं, ही हद्दपारीचीच किंमत आहे. तिच्यावरून तो हद्दपार नाही असं सिद्ध होत नाही, उलटंच होतं. आणि दुसरी जास्त बोचरी. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याने वीसहून अधिक देशांकडे आश्रय मागितला. त्यात भारत होता. आपण नाही म्हणालो. ज्या माणसामुळे आपल्या ६.३ अब्ज नोंदींचा आकडा आपल्याला कळला, त्याचा अर्ज आपण काही दिवसांत फेटाळला, आणि आता कॅन्टीनमध्ये बसून विचारतो की हा रशियातच का राहतो!

हे सगळं मी एवढं लांबण लावून का लिहितोय? कारण आपण जी कामं करतो ती आठवा. तुमच्या लॅपटॉपवरून आत्ता या क्षणी किती लोकांचे फोन नंबर, पत्ते, बँकेचे व्यवहार, हॉस्पिटलचे रिपोर्ट दिसू शकतात? आपल्या पिढीत जागल्या व्हायची वेळ येणार ती क्लार्कवर नाही, तलाठ्यावर नाही, प्रॉडक्शनचा ॲक्सेस असलेल्या कोणावर तरी येणार. त्याच्यासाठी आपल्या देशात काय आहे? दुबेच्या खुनानंतर २००४ मध्ये सरकारने तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचा एक ठराव केला. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि इतक्या वर्षांत तो अमलात आणलेला नाही. कोड मर्ज झाला, पण रिलीज नाही! आणि १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट मात्र धडधाकट चालू आहे. 'लोकांच्या भल्यासाठी केलं' हा बचाव त्यातही लिहिलेला नाही.

म्हणून शब्द जपून वापरा म्हणतो. ज्याला घरी बोलायची सोय नाही त्याला आपण 'फरार' म्हणू लागलो की दार बंद करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. सगळे प्रश्न बाहेर उभ्या असलेल्या माणसालाच. 'परागंदा' म्हटलं की आपोआप पुढचा प्रश्न येतो: कोणामुळे?

स्नोडेनने परत यायला आपली अट अनेकदा सांगितली आहे: मी हे का केलं ते ज्युरीला ऐकू द्या, मग जो निकाल लागेल तो लागेल. १९०८ मध्ये परक्या सरकारच्या कोर्टात टिळकांना जे मिळालं, त्यापेक्षा ही मागणी जास्त नाही. ज्या दिवशी ती मान्य होईल आणि तरीही तो मॉस्कोत बसून राहील, त्या दिवशी मी स्वतः काकांना फोन करून सांगेन की तुमचं बरोबर, पळालाच तो. तोपर्यंत नाही.